संध्याकाळचे बाबा

पालकसभेत शिंगाडेबाईंनी उमाकांतचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. "रोज संध्याकाळी तुम्ही टॅबवरून केतकीचा अभ्यास घेता, म्हणून तिचं गणित इतकं सुधारलं."

कारखान्यात उमाकांतची कायम दुसरी पाळी असायची. त्याने अभ्यास कधी घेतलाच नव्हता. मग कोण घेत होतं?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो दाराआड थांबला. केतकीने शाळेचा टॅब उघडला आणि पडद्यावर त्याचाच चेहरा हसला. "काय गं चिमणे, भागाकार झाले?" आवाजही त्याचाच होता. प्रवेशाच्या वेळी शाळेने त्याचा चेहरा आणि आवाज नोंदवून घेतला होता, ते त्याला आता आठवलं.

तो पुढे झाला. "केतकी, ते बंद कर. खरा बाबा मी आहे."

केतकीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग सांग, काल मी शाळेत का रडले?"

"डबा खायला तुझ्याशेजारी कुणी बसलं नाही म्हणून," पडद्यावरचा बाबा लगेच म्हणाला.

उमाकांत तिच्याजवळ जमिनीवर बसला. "मला हे माहीतच नव्हतं गं. मला सांगशील?"

केतकी संशयाने त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने टॅब पालथा घातला, पण बंद केला नाही.