शुक्रवारचं काम

शाळेतली नोकरी आणि दोन लेकरं सांभाळताना बायको संस्कृतीची तारांबळ उडते, म्हणून शिवराजनं घराच्या साफसफाईचं सोपं वेळापत्रक तयार केलं आणि पुंडलिकनगरच्या घरात फ्रिजवर चिकटवलं. कंपनीत सुपरवायझर असलेल्या माणसाचा कागदावर भारी विश्वास.

बुधवारी संस्कृतीनं पंखे पुसायचे सोडून आधी तेलकट ओटा घासला. तिचे वडील दौलताबादहून आले होते. त्यांच्यासमोरच शिवराज कडाडला, "लिहिलंय तेवढंच कर की! स्वतःचं डोकं कशाला चालवतीस? ते असतं तर मला हे लिहावं लागलं असतं का?"

वडील खाली मान घालून चहा पीत राहिले. संस्कृतीनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि पंखे पुसायला घेतले.

गुरुवारी नळाला आठवड्याचं पाणी आलं, गच्चीवरची टाकी काठोकाठ भरली. शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आलेल्या शिवराजनं तोंडाला साबण लावला, नळ फिरवला आणि एक डोळा मिटूनच बायकोला फोन लावला.

"अगं, टाकी कालच भरली ना? नळाला थेंब नाय! आणि तुम्ही सगळे कुठं आहात?"

"दौलताबादला, बाबांकडं," संस्कृती शांतपणे म्हणाली. "अन् पाणी वाया नाही घालवलं हो, शेजारच्या कमरुन्निसा खालांची सगळी पिंपं भरून दिली."

"पण टाकी रिकामी केलीसच कशाला?"



"शुक्रवार : टाकी रिकामी करून धुणे. अक्षर तुमचंच आहे. पुढच्या गुरुवारी पाणी आलं की कळवा, मग येते मी."