जोतीरामवाडी

बेचाळीस साली जोतीराम साताऱ्याला पलटणीत भरती झाला, तेव्हा कारकुनानं गावाचं नाव विचारलं. कडेगावाकडच्या माळावरच्या त्याच्या अकरा घरांच्या गावाला सगळे नुसतं 'वस्ती' म्हणत. सरकारी कागदावर एवढंसं सांगायची लाज वाटून त्यानं दिलं ठोकून, "जोतीरामवाडी!" पुढं त्याची पत्रं त्याच पत्त्यावर येत गेली, टपालवाल्याच्या तोंडी नाव बसलं आणि बघता बघता तालुक्याच्या दप्तरातही चढलं.

पंचेचाळीस साली दौऱ्यावरच्या साहेबानं विचारलं, "हा जोतीराम कोण?"

"माझा ल्योक. लढाईत गेला," अंबूबाई म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

साहेबानं मात्र डोक्यावरची टोपी काढली, घटकाभर मान खाली घातली आणि धारातीर्थी पडलेल्या शिपायाच्या गावाला विहीर मंजूर केली. कोसावरून पाणी आणणाऱ्या वस्तीतल्या कुणीही त्याचा गैरसमज दूर केला नाही.

विहिरीची पहिली कुदळ मारायला साहेब आला, नेमका त्याच सकाळी जोतीराम खांद्यावर ट्रंक घेऊन घरी परतला. अंबूबाईनं रडत त्याला कवटाळलं आणि तेवढ्यात कानात सगळं सांगून टाकलं. "लेकरा, आता विहीर तुज्या हातात हाय."

"हे कोण?" साहेबानं विचारलं.


जोतीरामनं खाडकन सलाम ठोकला. "त्येचा धाकटा भाऊ, साहेब. आमचा दादा लय गुणाचा हुता बगा!"