एक ओळ खाली

“मेलं हे पान, एका ओळीसाठी अडून बसतंय,” नलिनी टाइपरायटरशीच पुटपुटली. शेजारच्या टेबलावरच्या सुलक्षणाने ऐकलं, पण मान वर केली नाही.

अंधेरीच्या त्या कारखान्यात मशीन चालवायच्या सूचना नव्याने छापायच्या होत्या. मजकूर जुनाच. फक्त पानं कुठे तुटतात तेवढं बघा, असं चंद्रप्रकाशसाहेब म्हणाले होते. का, ते त्यांनी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

सूचनांचं पुस्तक तिथे कोणी पुस्तक म्हणून ठेवत नसे. पिना काढायच्या आणि ज्या मशीनचं पान त्या मशीनशेजारी भिंतीवर खळीने चिकटवायचं. मागच्या खेपेला पत्रा दाबायच्या प्रेसचं पान ‘पत्रा अडकल्यास हाताने काढावा’ इथे संपलं. ‘मात्र त्याआधी मेन स्विच बंद करावा’ ही ओळ पुढच्या पानावर गेली. ते पान लागलं पलीकडे, ड्रिलच्या भिंतीला.

“वरचं नाव काढ ना, जागा होईल,” सुलक्षणा हळूच म्हणाली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर साहेबांच्या वडिलांचं नाव होतं, खाली दुहेरी रेघ. नलिनीने टाइपरायटरवर छपाईचं नवं स्टेन्सिल चढवलं आणि नाव गाळलं. ओळ वर आली. साहेबांनी पान पाहिलं, माथ्याच्या कोऱ्या जागेवर जरा थांबले आणि “बरं दिसतंय” एवढंच म्हणाले.

मग त्यांनी गुणाजीला बोलावलं. प्रेसवरचा गुणाजी आजच कामावर परतला होता, तोही गेटवर बसायला. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. चौकशीच्या कागदावर ‘कामगाराने सूचना वाचली नाही’ असं होतं, आणि खाली त्याने डाव्या हाताने सही केली होती.

“वाच बघू, समजतंय का,” साहेब म्हणाले.

तो मोठ्याने वाचू लागला, शाळेतल्यासारखा. सगळे त्याच्या हाताकडे सोडून कुठेही बघत होते. सुलक्षणा पेन्सिलीला टोक काढत बसली, टोक होतंच.

शेवटच्या ओळीशी तो थांबला. ती त्याने पुन्हा मनातल्या मनात वाचली.

“ही नवीन घातलात काय वो?”

“जुनीच आहे,” साहेब म्हणाले. “नीट बसवली.”

गुणाजीने मान डोलावली. ओशाळून हसला. “घरात बायको रोज विचारते, तुम्हाला वाचता येतं ना? तिला काय सांगणार. घाईत राहिलं असेल माझं.”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. सुलक्षणाची पेन्सिल थांबली.

नलिनी खुर्चीवरून उठली.

“तुमचं काही राहिलं नव्हतं, गुणाजी,” ती म्हणाली. “ती ओळ तुमच्या पानावर नव्हतीच.”