केसाएवढा फरक

"फरशी परत उखडा," हेरंबने तिसऱ्यांदा सांगितलं, तसा मिस्त्री वैतागला. "साहेब, केसाएवढा फरक आहे. कोण बघणार?"

हेरंब बधला नाही. कंपनीत अठरा वर्षं 'चालून जाईल' म्हणत सह्या ठोकल्या, त्याचाच वीट येऊन त्याने नोकरी सोडली आणि घरांच्या नूतनीकरणाचा व्यवसाय थाटला. हे पहिलंच काम, लकवा झालेल्या कर्णिककाकांचं न्हाणीघर. बसायला ओटा, धरायला भिंतीत दांडा. काकांचं मागणं एवढंच होतं, "एकदा तरी कुणी न धरता आंघोळ करू दे रे मला."

फरश्या अखेर एका रेषेत आल्या. बारा दिवस उशीर झाला खरा. सकाळी तो काकांना न्हाणीघर दाखवायला आला, तर कर्णिकांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग.

काका पहाटे गेले होते. हॉलमध्ये चौघे त्यांना धरून शेवटची आंघोळ घालत होते.

काकू कोपऱ्यातून म्हणाल्या, "हेरंब, नव्या नळाचं पाणी आण रे. रोज विचारायचे, झालं का म्हणून."

बादली भरेपर्यंत तो पायाखालच्या फरशीकडे बघत राहिला. केसाएवढासुद्धा फरक नव्हता.