भरलेलं वजन

"तुमचा काटाच खोटा होता गो बाय," सकुबाई म्हणाली. "वाट लावली तुमी माझ्या सुनेची."

आरोग्य पथकातली कुणाली खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मागच्या थंडीत टोकावड्याच्या शाळेत तपासणी झाली, तेव्हा बायकांचं रक्त तिनंच घेतलं होतं. वजनंही तिनंच केली होती. रेश्माला दवाखान्यात ठेवल्याचं कळलं तशी ती मुरबाडहून आली होती.

रेश्मा डोळे मिटून पडली होती. परवा तिची शुद्ध हरपली. रक्तात साखर बेसुमार, स्वादुपिंडात खडे. आता जन्मभर इंजेक्शनं घ्यायची, प्रत्येक जेवणाबरोबर पचनाच्या गोळ्या घ्यायच्या. वेळेवर आणलं असतं तर एवढे हाल झाले नसते, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य सकुबाईच्या काळजात रुतून बसलं होतं.

"रक्त घेतलंत ना? मग तवाच का नाय कळलं?"

"भात पचवणारा रस स्वादुपिंडात तयार होतो, मावशी. त्यातला थोडा रक्तात उतरतो. अंगानं भरलेल्या माणसाच्या रक्तात तो बहुधा कमीच सापडतो. वाळलेल्या माणसात कमी निघाला, की मात्र स्वादुपिंड सुकत चाललंय का, हे बघावं लागतं." कुणालीनं खाटेकडं पाहिलं. "रेश्माताईंचा कमीच होता. पण वजन चांगलं भरलं. कमी भरलं असतं, तर त्याच आठवड्यात सोनोग्राफीला पाठवलं असतं. शालीत गुरफटून आल्या होत्या. मी आकडा पाहिला आणि पुढच्या बाईला बोलावलं."

सकुबाईला तो दिवस लख्ख आठवला.

त्याआधी वर्षभर तिला गावात तोंड वर काढायची सोय उरली नव्हती. रेश्मा दोन माणसांचं जेवायची, तरी वाळत चालली होती. सकुबाई मुळातच जाडजूड. शेजारची हिराबाई पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची, "सून वाळते न् सासू फुगते. एका घरात दोन चुली हायत वाटतं!" बायका फिदीफिदी हसायच्या. सकुबाई मुकाट घरी यायची आणि आपल्या ताटातलं सुक्या मासळीचं कालवण सुनेच्या ताटात लोटायची. ते कोणाला दिसणार?

मग शाळेत कुणालीनं रेश्माचं वजन मोठ्यानं वाचलं. सकुबाई गर्रकन वळली होती. "ऐकलंस ना हिराबाय? आता बोल!" हिराबाई पदर सावरत निघून गेली. त्या दिवशी सकुबाईनं घरी शिरा केला.

पुढं रेश्मा पोट धरून बसायची. "आई, लय दुखतंय गो."

"उगी कुरकुर नको. एवढं वजन भरलंय, काय धाड भरली तुला?"

असं एकदा नाही, कितीदा तरी झालं. सुनेचे गाल बसलेले तिला दिसत होते. पण तो आकडा फार गोड होता. आता काटा खोटा निघाला, तरच सुनेला बोललेल्या त्या शब्दांतून तिची थोडीफार सुटका होणार होती.

"सांग ना, खोटाच होता ना काटा?" तिचा आवाज आता विनवणीचा झाला होता.

"रोज सकाळी ठरलेलं माप ठेवून तपासत होतो, मावशी. त्या दिवशीही तपासला होता."

"मंग ही भरली कशी?"

"काटा खरा होता, आई."

दोघींनी खाटेकडं पाहिलं. रेश्माचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"पायलीभर तांदूळ बांधलं होतं पोटाला. शालीच्या आत."

सकुबाईनं खाटेची कड धरली. "कशाला गो? कोणाच्या भ्यानं?"

"भ्यानं नाय." रेश्माला धाप लागली. "तुमी तोंडातला घास मला देत होता, न् वर हिराबायची बोलणी तुमीच खात होता. मला नाय बघवलं."