बशीला हात लावायचा नाही

सासरे जाऊन सहा दिवस झाले होते. सुतकात कढई चढवायची नाही आणि सासूबाईंच्या घशाखाली बिनफोडणीचं वरण उतरत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "आई, एअर फ्रायरमध्ये कांदाभजी करू? त्याला कढई लागत नाही."

त्यांनी नुसती मान हलवली.

दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांची बायपास झाली, तेव्हा मीच हे यंत्र आणलं होतं. आमची भजी तेलात, त्यांची यात. दर वेळी म्हणायचे, "सूनबाई, फक्कड!" बशी मांडीवर घेऊन बसायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. सासूबाईंनी एकदा एक भजं उचललं, तर चापट मारून परत ठेवायला लावलं. "म्हातारा हावरट झालाय," म्हणत आम्ही दोघी किती हसलो होतो!

मी कांदा उभा चिरला, मीठ लावून पाणी सुटू दिलं, वर बेसन भुरभुरलं. बारा मिनिटांनी यंत्र टिंग वाजलं. बशी दोघींच्या मध्ये ठेवली.

सासूबाईंनी एक भजं तोंडात टाकलं आणि चावता चावता थांबल्या. मीही एक घेतलं. कडेचा कांदा करपून कडू झालेला, आतलं बेसन कच्चंच. घास गिळवेना.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "तुला कळू नये म्हणून मारली होती गं त्यांनी चापट."

त्यांनी दुसऱ्या भज्यासाठी हात पुढे केला. मी बशी मांडीवर ओढून घेतली आणि एकटीनंच सगळी संपवली.