लाल तळहात

बाईंनी गोटीच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट ठेवला आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे पालक मुलांच्याच बुटक्या बाकांवर बसले होते, गुडघे पार हनुवटीला टेकवून. गोटीची आई पहिल्या रांगेत होती. तिने आज ठेवणीतले कपडे घातले होते. बाबा मागे उभे राहून मोबाइलवर सगळं टिपत होते.

"आमची गोटी बोलत नाही," बाई पालकांना म्हणाल्या, "पण गळ्यातल्या कडीत ओवलेली कार्डं दाखवून सगळं सांगते. पाणी, खेळ, शू, काय हवं ते. आणि मुख्य म्हणजे आता कशालाच नाही म्हणत नाही. पूर्वीची गोटी आठवते ना? आता बघा, वर्गातलं सगळ्यात गुणी लेकरू."

आईला भरून आलं आणि थोडं टोचलंही. हेच गुणी लेकरू घरी आलं की आधी दप्तर भिरकवायचं. मग फ्रिजवर अडकवलेली दुसरी कडी काढून झोपेपर्यंत तिच्यातलं एकच कार्ड नाचवायचं. नको. दूध नको, आंघोळ नको, आई तर नकोच नको. परवा वैतागून आईने तिला धपाटा घातला होता. "तूच लाडावून ठेवलीयस तिला," बाबा म्हणाले होते. "शाळेत बघ जाऊन, कशी शहाण्यासारखी वागते." आईने ते निमूट ऐकून घेतलं होतं. चूक शेवटी आईचीच असते, दुसऱ्या कुणाची असायला कुणी मोकळं नसतं.

मुकुटाची कड गोटीच्या कानाला घासत होती. तिला डोक्यावर साधा रुमालही खपत नाही. तिने गळ्यातली कडी हातात घेतली आणि कार्डं उलटायला लागली. पाणी. खेळ. शू. झोप. छान. पुन्हा पाणी.

"विचार करतेय हं," बाई कौतुकाने म्हणाल्या. दोघंचौघं हसले.

कार्डं पुन्हा फिरली, आता भराभर. किल्ली हरवली की माणूस तोच रिकामा खिसा पुन्हा पुन्हा चाचपतो, तशी. लेक काहीतरी शोधत होती आणि ते तिथे नव्हतं. शेवटी गोटीने कडी सोडून दिली, मनगट तोंडात घातलं आणि कडकडून चावा घेतला.

बाईंनी हसत हसत मनगट सोडवलं आणि कडीतलं 'छान' स्वतःच वर धरलं. "काय म्हणतेय बघा!" पुन्हा टाळ्या.

आई उठली. आधी तिने मुकुट काढला. मग सगळी कडी चाळली.

"बाई, नको कुठंय?"

"ताई, कार्यक्रम होऊ दे, मग बोलू या ना."

"लाल कार्ड. तिचाच हात कागदावर ठेवून मी काढलं होतं. घरच्या कडीत एक, शाळेच्या कडीत एक. कुठंय ते?"

बाईंचा चेहरा उतरला. "मी माझ्या मनाने नाही काढलं, ताई. गोटीच्या बाबांनीच..." त्यांनी मागे पाहिलं. बाबांनी मोबाइल खाली घेतला होता.

मग आई, बाबा आणि गोटी व्हरांड्यात आली. भिंतीवरच्या खुंट्यांना दप्तरं लटकत होती.

"टाकून नाही दिलं मी," बाबा म्हणाले आणि त्यांनी पाकीट उघडलं. कार्ड आत होतं, व्यवस्थित घडी घातलेलं. "दिवसभर तेच दाखवायची गं ती. मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, असंच चालायचं असेल तर दुसरी शाळा बघा. तुला सांगितलं असतं तर तू भांडायला आली असतीस, आणि ही शाळाही हातची गेली असती."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आई खरंच भांडली असती, आणि शाळा खरंच गेली असती. म्हणूनच तिचा जास्त संताप झाला.

"आणि मी तिला मारलं तेव्हा?" ती म्हणाली. "शाळेत तोंड बांधलेलं लेकरू घरी येऊन बोलत होतं, आणि मी त्याला मारलं. तू समोर बसला होतास. तुला माहीत होतं, का करतेय ती असं. तरी मलाच म्हणालास, लाडावलीयस."

तिने त्यांच्या पाकिटातलं कार्ड काढून घेतलं.

"बाई परक्याच. पण कुंपणच शेत खायला लागलं तर मी जायचं कुणाकडे?"

तिने कार्डाची घडी उलगडली, खाली बसून गोटीच्या गळ्यातली कडी उघडली. कार्ड आत ओवणार एवढ्यात गोटीने ते झडप घालून घेतलं.

"घे, तुझंच आहे," आई म्हणाली. "दाखव. हवं त्याला दाखव. मला दाखव."

गोटीने लाल तळहात निरखून पाहिला. मग बाबांकडे पाहिलं. दारात येऊन उभ्या राहिलेल्या बाईंकडे पाहिलं. आईकडेही पाहिलं. आणि कार्ड फ्रॉकच्या गळ्यातून आत सरकवून वरून हात दाबून धरला.

"चल राणी, घरी जाऊ," बाबांनी हात पुढे केला. गोटीने आपला दुसरा हात त्यांना दिला आणि गुणी मुलीसारखी चालू लागली. आईने वाकून तिच्या छातीवरच्या हाताला हात लावला, तेव्हा तो आणखी घट्ट झाला.